मोडलेला पुढचा दात: मूळ वाचवावे की काढून टाकावे?

मिरजकर:
माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याचा वरचा पुढचा दात क्रिकेटचा चेंडू लागून तिरका मोडला. टाळूच्या बाजूने तूट हिरडीखाली ३ मिमी गेली आहे. एका डॉक्टरांच्या मते दात काढून पुढे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) करावे; दुसऱ्यांच्या मते रूट कॅनल करून मूळ तारेने खाली ओढावे आणि त्यावर कॅप बसवावी. मी दुसऱ्या मताचा आहे. इम्प्लांट हाडाला घट्ट जखडलेले असल्यामुळे वाढत्या वयात शेजारचे दात खाली सरकतात आणि ते मात्र वरच राहते. म्हणजे जबड्याची वाढ थांबेपर्यंत वाट पाहावी लागणार, आणि तोवर रिकाम्या जागेतले ओठाकडचे पातळ हाड झिजत जाणार.

स्पष्टवक्ता:
मी असहमत आहे. माझ्या बहिणीने हाच मार्ग धरला होता. रूट कॅनल, तार, हिरडीची छोटी शस्त्रक्रिया, पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेली काडी), कॅप, आणि प्रत्येक वेळी बसने जिल्ह्याच्या गावी फेरी! दोन वर्षांत मूळ उभे चिरले आणि दात काढावाच लागला. त्यापेक्षा शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला ब्रिज, म्हणजे कृत्रिम दात, करून वाढ पूर्ण होऊ द्यावी.

दंतसेवक:
मी दंतवैद्य आहे. दोघांच्याही म्हणण्यात मुळाची लांबी आलेली नाही, आणि सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. कॅपला पकड मिळायला सुमारे २ मिमी शाबूत दात लागतो आणि कॅपची कड व हाड यांमध्ये हिरडीसाठी जवळपास तेवढीच जागा लागते; म्हणून अशा तुटीत मूळ साधारण ४ मिमी ओढावे लागते. तेरा मिमीचे मूळ त्यानंतर नऊ उरते, म्हणजे कॅपच्या उंचीच्या जेमतेम बरोबरीचे. त्याहून आखूड असेल तर मी स्वतः नको म्हणेन. ओढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यानंतर दात काही आठवडे तसाच बांधून ठेवावा लागतो, नाहीतर तो पुन्हा वर सरकतो. ओढताना हिरडीचे तंतू अधूनमधून भूल देऊन कापतात, कारण तसे न केल्यास हिरडी आणि हाडही दाताबरोबर खाली येतात. हीच ती ‘शस्त्रक्रिया’.

स्पष्टवक्ता:
ब्रिजचे काय, ते सांगितले नाहीत.

दंतसेवक:
ब्रिज चांगलाच पर्याय आहे, पण तो हाड राखत नाही. मूळ दहा वर्षे टिकले तरी तोवर हाड राहते आणि इम्प्लांटचा मार्ग खुला असतो.

मिरजकर:
एक्स-रेत मूळ १५ मिमी भरले. सोमवारी रूट कॅनल सुरू करत आहोत.

स्पष्टवक्ता:
पंधरा असेल तर माझा विरोध निम्मा झाला. उरलेला निम्मा बसच्या फेऱ्यांना आहे.