फ्रीबीएसडीवर २.५ गिगाबिट नेटवर्क कार्डसाठी ड्रायव्हर : मदत हवी आहे

नमस्कार. सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यासाठी मी एका जुन्या संगणकावर फ्रीबीएसडी १४.२ (युनिक्स वळणाची मुक्त संगणक प्रणाली) बसवून त्याचा राउटर करत आहे. मदरबोर्डवरचे आरटीएल ८१६८ चिपचे पोर्ट मूळ प्रणालीतील ‘आरई’ ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) व्यवस्थित चालते. मात्र नव्याने बसवलेल्या आरटीएल ८१२५ चिपच्या २.५ गिगाबिट कार्डासमोर, जोडलेली उपकरणे दाखवणाऱ्या ‘पीसीआयकॉन्फ’ आदेशाच्या यादीत ‘नन०’ एवढेच दिसते, म्हणजे कार्ड दिसते, पण त्याला ड्रायव्हर जोडला जात नाही.

त्यासाठी ‘रिअलटेक-आरई-केमॉड’ हे पॅकेज आहे, आणि अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून ते उतरवूनही घेता येईल. खरी अडचण पुढेच आहे. या पॅकेजमधले ड्रायव्हरचे मॉड्यूल ‘लोडर.कॉन्फ’ या सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमधून लावले की ते कर्नलमधल्या (प्रणालीच्या गाभ्यातल्या) ‘आरई’ची जागा घेते, त्यामुळे सध्या सुरळीत चालणारे पोर्टही त्याच्याच ताब्यात जाईल. दोन्ही पोर्ट या मॉड्यूलवर, विशेषतः व्हीलॅनसह (एकाच तारेवरच्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांसह), कोणी दीर्घकाळ चालवली आहेत का? शिवाय फ्रीबीएसडी १४.३ वर जाताना कर्नल आणि मॉड्यूल यांचा मेळ राहावा म्हणून आपण कोणता क्रम पाळता? राउटर सातपूरला आणि मी राहतो नाशिकरोडला. अद्ययावत केल्यावर नेटवर्कच उठले नाही, तर दुरून हात चोळत बसण्यापलीकडे काही करता येणार नाही.

इंटेल आय२१० चे कार्ड घेतल्यास मूळचा ‘आयजीबी’ ड्रायव्हर पुरतो, पण वेग १ गिगाबिटवरच थांबतो. तोच मार्ग शहाणपणाचा असेल, तर असे कार्ड नाशिकच्या एमजी रोडवर मिळते का, हेही कृपया कळवावे.