मुलं आत, आपण बाहेर: तुमची ती संध्याकाळ कशी गेली?

साखरझोप
परवा ऑफिसातून निघायला उशीर झाला. चर्चगेटला गर्दी असणारच, म्हणून एनसीपीए नाट्यगृहाच्या बाजूने समुद्राला वळसा घालून निघाले. कठड्यावर एक गृहस्थ बसलेले. मांडीवर एक गुलाबी सॅक, तिच्यावर दुसरी सॅक, त्यावर दोन ओढण्या, आणि त्या सगळ्या डोलाऱ्यावर तोल सांभाळत स्टीलचा डबा. पोळी-भेंडी खात होते. म्हटलं, पोरी आत आहेत!

मला माझा मे २०२३ आठवला. बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) ते दोन हजार खुर्च्यांचं नवं थिएटर उघडून दोन महिनेही झाले नव्हते आणि बाहेरदेशाहून म्युझिकल आलं होतं. तेच, ‘साउंड ऑफ म्युझिक’, सात पोरं, गव्हर्नेस आणि ऑस्ट्रियाचे डोंगर. लेक चौदाची, मैत्रीण पंधराची. दोघींची तिकिटं काढली, तिसरं काढायला काही हात धजेना. लेकीला सांगितलं, "मला ती इंग्रजी गाणी कळत नाहीत गं." (मी एम. ए. इंग्लिश आहे.)

त्या आत गेल्या आणि माझ्याकडे चक्क तीन तास उरले. एकटीचे. पर्समध्ये सहा महिने पडून असलेली कादंबरी होती. पण बीकेसीत ऑफिसं सुटल्यावर बसणार कुठे? सगळीकडे काचा, दिवे आणि आपलंच प्रतिबिंब. दोन चकरा मारून एका बंद बँकेच्या पायरीवर टेकले, तर वॉचमन आला. वाटलं, उठवतोय. त्याने आतून स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. "बैठो मॅडम, बच्चे लोग अंदर है ना?" म्हणजे मी पहिली नव्हते. नंतर लक्षात आलं की खुर्ची एकच होती आणि तो गेटला टेकून उभाच होता. परत द्यायला गेले तर घेईना.

इंटरव्हलला मेसेज. "आई जेवलीस का". मी कादंबरीच्या पान चारवर होते. जेवले नव्हते.

परत येताना कुर्ल्याहून ठाणा लोकल, लेडीज डब्यात दोघी घसा ताणून गातायत. रात्रीच्या ड्यूटीचे हवालदार शांतपणे म्हणाले, "गॅदरिंग आत्तापासूनच?"

तुमचेही अनुभव लिहा. नाटक, म्युझिकल, कॉन्सर्ट, काहीही चालेल.

लोकलप्रवासी
एम. ए. इंग्लिश! हसून हसून पुरेवाट.
बाय द वे, आता बीकेसीला कुर्ल्याचा रिक्षावाला शोधत बसायची गरज नाही. मेट्रो ३ आहे. आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ ला झाली, आणि गेल्या ऑक्टोबरपासून, म्हणजे २०२५, पार कफ परेडपर्यंत.

पोळपाट
कुकर लावलाय, सविस्तर नंतर. वॉचमनची खुर्ची वाचून थांबले.

बाबा_बोरिवली
आमचा किस्सा एनसीपीएचाच. दोन चिरंजीव आत सोडले. मी हिशोब केला, अडीच तास धरू, मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटीपर्यंत चालू आणि परत येऊ. साधारण साडेतीन किलोमीटर एका बाजूला. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं.
चपला नव्या. ऑक्टोबर. चौपाटीला पोचलो तेव्हा दोन्ही टाचा सोलवटलेल्या. कुल्फी घेतली, वाळूत पाय पसरले, पहिला चावा घेतला आणि फोन. "बाबा कुठे आहात? शो सव्वा तासाचाच होता, इंटरव्हल नव्हता."
तिकिटावर लिहिलेलं होतं म्हणे. टॅक्सीत एका हातात चपला, एका हातात कुल्फी. पोरं गेटवर उभी. मोठा म्हणतो, "तुम्ही काय पोहून आलात का?"

कांदेपोहे
@बाबा_बोरिवली, कुल्फी संपवलीत की नाही ते सांगा आधी.

बाबा_बोरिवली
मनगटावरून कोपरापर्यंत संपली.

नाना_डोंबिवली
तुम्हा लोकांना म्युझिकल म्हटलं की परदेश आठवतो. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल उभं केलं. आमची आजी बालगंधर्वांच्या नाटकांना जायची. पदाला वन्स मोअर, त्याला परत वन्स मोअर, घरी यायला कोंबडं आरवायचं. तेव्हा आईबाप आत असायचे आणि पोरं घरी शेजारणीकडे! बाहेर ताटकळणं वगैरे तुमच्या पिढीची हौस.

डबा_ऐसपैस
नाना, म्हणजे शेजारीण बाहेर ताटकळायची :)

नाना_डोंबिवली
मान्य. शेजारणीचा विचार कोणी केलाच नव्हता.

उंबरठा
आम्ही दोघंही बाहेर होतो. रॉयल ऑपेरा हाउस. मुलगी आणि तिचा अख्खा कंपू आत. नवरा म्हणाला, सोळा वर्षांनी आपण दोघंच बाहेर पडलोय, मस्त गप्पा मारू.
पहिली वीस मिनिटं त्याने ऑपेरा हाउसचा इतिहास सांगितला. १९११ ला पंचम जॉर्ज, १९९३ ला बंद, २०१६ ला परत सुरू. मग संपलं. चर्नी रोडकडे चालत निघालो. मी म्हटलं, गॅस नोंदवलास का. तो म्हणाला, सोसायटीच्या टाकीचे पैसे भरायचेत. मग टाकीवरून भांडलो. अगदी खरं भांडण, ठाकुरद्वारला मिसळ येईपर्यंत. मिसळ आली आणि दोघंही गप्प खायला लागलो. त्याने न सांगता माझ्या ताटलीत लिंबू पिळलं, त्याच्या वाटणीचंसुद्धा. मला आंबट आवडतं.
गप्पा काही झाल्या नाहीत. पण आता दर दोन महिन्यांनी जातो. पोरांना कुठलंही तिकीट काढून देतो, त्यांना हवं असो नसो.

पोळपाट
आले. लिंबू +१.
आमच्याकडे वेगळाच गोंधळ. बहीण पुण्याहून आलेली, तिलाच पोरांना आणायला पाठवलं नरिमन पॉइंटला. रात्री साडेदहाला फोन, "अगं अर्धा तास झाला, एक रिक्षा दिसेल तर शप्पथ!" बाई, तिथे रिक्षा जन्मात दिसायची नाही, वांद्र्या-सायनच्या खाली येतच नाहीत त्या. तिला वाटलं, संप आहे.

लोकलप्रवासी
पुणेकरांना रिक्षा नाही म्हटलं की संपच वाटणार. हलके घ्या.

गवतीचहा
जरा उलट लिहिते. माझे बाबा असे बाहेर थांबायचे आणि मला भयंकर राग यायचा. बाकी मैत्रिणींचं कोणी नाही यायचं. "मी तर समुद्र बघायला आलोय" म्हणायचे आणि समुद्राकडे पाठ करून गेटसमोर उभे. कॉलेजात मी खोटी वेळ सांगायला लागले. एकदा शो संपल्यावर आम्ही सगळ्या आइस्क्रीम खायला गेलो, ते तासभर तिथेच. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "लांबला वाटतं शो."
तेव्हा गोड वगैरे वाटलं नव्हतं आणि आजही पूर्ण वाटत नाही. चौदा-पंधराचं ठीक, पण पुढे सोडायला हवं ना कधीतरी?
(मुलगा तेरा वर्षांचा आहे. गेल्या शनिवारी मी गेटपासून शंभर पावलांवर, पानवाल्याच्या आडोशाला होते. त्याला माहीत नाही. कृपया नावं ठेवू नका.)

कांदेपोहे
त्याला माहीत आहे. त्यांना सगळं माहीत असतं.

डबा_ऐसपैस
अवांतर: दादरला असलात तर प्रश्नच नाही. शिवाजी मंदिर नाट्यगृह, बटाटेवडा, वेळ कसा जातो कळत नाही.

नाना_डोंबिवली
वडा पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहाचा.

डबा_ऐसपैस
नाना, संगीत नाटकावर तुमचं ऐकलं. वड्यावर नाही ऐकणार.

उंबरठा
@साखरझोप, त्या कठड्यावरच्या गृहस्थांशी बोललात का?

साखरझोप
नाही हो. ९:१२ पकडायची होती. पुढे जाऊन मागे वळून पाहिलं तर डबा संपवून दोन्ही ओढण्यांच्या नीट घड्या घालत होते. वारा इतका होता की एक घातली की दुसरी उलगडायची.
@गवतीचहा, नावं कोण ठेवणार? पुढच्या वेळी पानवाल्याकडे खुर्ची मागा.

नाना_डोंबिवली
दीनानाथचाच. हा विषय मी सोडणार नाही.