चेहरा कुणाला वाचता येत नाही?
ऑटिस्टिक (स्वमग्न) माणसांना समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, असं नेहमी म्हटलं जातं. पण त्यांचा चेहरा आपल्याला तरी कुठे कळतो? स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं, की गैरसमज दोन्हीकडून होतो. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास तर मला फार अस्वस्थ करतो. ऑटिस्टिक व्यक्तींची छोटीशी चित्रफीत किंवा अगदी नुसता फोटो पाहूनही लोकांचं मत प्रतिकूल झालं. त्यांचंच बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं, तेव्हा हा फरक उरला नाही!

म्हणून वर्गात "माझ्या डोळ्यांत बघून बोल" हा हट्ट मला क्रूर वाटतो. मान खाली घातलेलं ते मूल कदाचित सगळं लक्ष देऊन ऐकत असतं.