मंडईत उकिडवी बसलेली माणसं काढताना ती मागे कलंडल्यासारखी का दिसतात?

वहीपेन्सिल, सातारा

नमस्कार. दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत, म्हणून एकत्रच विचारते.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा शाळेत असतानाच दिल्या होत्या. पुढे नोकरी आणि घर यांत चित्रकला मागे पडली. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि मी परत वही हातात घेतली. रविवारी सकाळी मंडईत जाते, ओळखीच्या एका भाजीवाल्या मावशींच्या समोर घडीचं स्टूल टाकून बसते आणि माणसं काढते. ४बी पेन्सिल आणि हातात मावेल एवढी वही, बाकी काही नाही. पहिल्या दिवशी मावशींची परवानगी घेतली होती. आता त्याच विचारतात, ‘आज कुणाला काढलंस, दाव की.’

उभी माणसं जमायला लागली आहेत. पिशवीच्या ओझ्यानं खाली ओढला गेलेला खांदा, एका पायावर रेलून भाव करणारी बाई, हे पटकन उतरतं. गाडी अडते ती उकिडव्या बसणाऱ्यांपाशी. मावशी कोथिंबिरीच्या जुड्या बांधतात तेव्हा दोन्ही गुडघे वर, मधे साडीचा घोळ आणि हात गुडघ्यांच्या पुढे. अशा निवांत बसून त्या अख्खी सकाळ काम करतात. कागदावर मात्र त्याच मावशी आत्ता मागे पडतील अशा दिसतात. पेन्सिल धरून मोजते, मांडी-पोटरीची लांबी बरोबर येते, तरी भार जमिनीवर येत नाही. त्यात साडी. आतला पाय कुठून कुठे गेलाय ते दिसत नाही, मग घड्याच काढत बसते आणि आतली बाई हरवते.

दुसरा प्रश्न अभिप्रायाचा. चित्र टाकलं की ‘छान’, ‘सुंदर’, फुलं, अंगठे. लोक प्रेमानं लिहितात आणि त्याचा आनंदही होतो. पण मला शिकायचंय. एकानं ‘प्रपोर्शन बघा’ एवढंच लिहिलं. कुठलं प्रपोर्शन? डोक्याचं? पायाचं? आणि दुसऱ्याच्या चित्राबद्दल मी काय लिहावं? परवा नववीतल्या एका मुलीनं धावणाऱ्या भावाचं चित्र टाकलं होतं. अंगात काय वेग होता! फक्त पाऊल जमिनीला लागत नव्हतं. हे तिला कसं सांगायचं, म्हणजे तिचा हात थांबणार नाही?

मावशींची तीन रेखाटनं सोबत जोडली आहेत.

फिजिओताई, नाशिक

मी चित्रकार नाही, पण दिवसभर माणसांना उठताबसताना बघते, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

तुमच्या तिन्ही चित्रांत गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची नडगी जवळपास सरळ उभी आहे आणि पाठही ताठ आहे. असं बसता येत नाही. आत्ता करून बघा, पण मागे गादी ठेवा. उकिडवं बसल्यावर शरीराचा भार पावलांच्या आतच पडावा लागतो, नाहीतर माणूस मागे जातो. टाच जमिनीला टेकलेली असेल तर गुडघे पुढे येतात, बहुतेक वेळा बोटांच्याही पुढे, आणि नडगी तिरकी होते. ज्यांचा घोटा तेवढा वाकत नाही ते एकतर टाच उचलतात, नाहीतर धड आणखी पुढे झुकवतात. मावशींचे हात गुडघ्यांच्या पुढे आहेत तेही काही सहज म्हणून नाही, त्या वजनानं तोल राखला जातो.

आणखी एक. इतकं खाली बसलं की कटीचा भाग मागच्या बाजूला वळतो आणि उभं असताना कमरेत दिसणारा आतला बाक जवळजवळ नाहीसा होतो. पाठीची एकच लांब कमान होते. तुम्ही उभ्या बाईची पाठ बसलेल्या बाईला दिली आहे, असं मला वाटतं.

निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर

ताई, तुमची चित्रं मोठी करून निवांत पाहिली. वरच्या ताईंनी मुळावरच बोट ठेवलंय, त्यामुळे माझं काम हलकं झालं.

आधी जे उत्तम आहे ते सांगतो. दुसऱ्या चित्रातली मान बघा. जुडीवर लक्ष असलेल्या बाईची मान अशीच असते, खांद्यातून पुढे निघालेली आणि हनुवटी किंचित आत. ही मान पाठ करून येत नाही, समोर बसून बघितल्यावरच येते. ती तशीच ठेवा.

आता भार. गवंडी वापरतो तो ओळंबा आठवा. एका दोऱ्याला नट बांधा आणि तो वहीला गुंडाळून ठेवा. बसलेल्या माणसाकडे बघताना दोरा डोळ्यासमोर धरा आणि कानापासून खाली काय काय येतं ते पाहा. तुमच्या चित्रात कानाखाली थेट टाचेमागची मोकळी जमीन येते. मावशींच्या बाजूला बसून बघितलंत तर दोरा पावलाच्या मध्याकडे कुठेतरी उतरेल. चित्र सुरू करताना पहिली रेघ डोक्याची नको. पहिल्यांदा दोन पावलं जमिनीवर ठेवा. मग बूड कुठे आहे ती जागा, मग गुडघे, आणि सगळ्यात शेवटी डोकं. आपण सवयीनं चेहऱ्यापासून सुरू करतो आणि पावलं वहीच्या खालच्या कडेला उरलेल्या जागेत कोंबतो. बसलेली आकृती तिथेच बिघडते.

दुसरं, तुमच्या नजरेची उंची. तुम्ही स्टुलावर, मावशी जमिनीवर. म्हणजे तुम्हाला त्यांच्या डोक्याचा माथा, खांद्यांचा आणि गुडघ्यांचा वरचा भाग दिसतो. तुम्ही त्या समोरासमोर असल्यासारख्या काढल्या आहेत. दोन्ही पावलं एकाच आडव्या रेषेवर आहेत, खरं तर जवळचं पाऊल कागदावर खाली यायला हवं. तेवढं केलंत तरी जमीन आडवी पसरेल आणि मावशी तिच्यावर बसतील. एखाद्या रविवारी स्टूल घरी ठेवा, पोतं अंथरून बसा आणि तीच बैठक काढा. दोन्ही रेखाटनं शेजारी ठेवलीत की फरक कळेल.

साडीबद्दल जरा विस्तारानं लिहितो, कारण मला हा विषय फार प्रिय आहे. कापड कुठेतरी ताणलेलं असतं आणि कुठेतरी सुटलेलं असतं. ताण असतो तिथे आत हाडमांस आहे: गुडघा, बूड, खांदा, कमरेला खोचलेली जागा. उकिडव्या बाईच्या पाचवारीत दोन गुडघ्यांच्या मधे झोळी तयार होते, निऱ्या तिच्यात गोळा होऊन जमिनीवर पडतात. झोळीच्या वरच्या दोन कडा गुडघ्यांपासून निघतात, म्हणजे गुडघे कुठे आहेत हे साडीच तुम्हाला सांगते. आधी गुडघ्यावरचा ताण काढा, तिथून निघणाऱ्या दोन-तीन मोठ्या घड्या काढा आणि बाकीच्या सोडून द्या. नऊवारी नेसलेली आजी भेटली तर सोडू नका. कासोटा मागे खोचल्यामुळे दोन्ही पाय वेगवेगळे वाचता येतात, पोटरीही उघडी असते.

इथे चित्रकार म. वि. धुरंधरांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १८६७ साली आमच्या कोल्हापुरात जन्मले, पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथेच शिकवलं. त्यांच्या लुगड्यातल्या बायका बघा. कापड पूर्ण अंगभर, तरी आतला गुडघा, मांडी, कमरेचा वळसा कुठेही हरवत नाही. तुम्ही साताऱ्यात आहात म्हणजे औंध तुमच्या जिल्ह्यातच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तिथे उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे. रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं तिथे मूळ स्वरूपात बघायला मिळतात, इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. छापील पुस्तकात न दिसणारी रेषा मूळ चित्रात दिसते. पण तिथे बसून रेखाटन करायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

अभिप्रायाचं माझं मत ठाम आहे. ‘प्रपोर्शन बघा’ हा अभिप्राय नव्हे. काय दिसतं, कुठे दिसतं आणि ते कसं तपासायचं, या तिन्ही गोष्टी त्यात असल्या पाहिजेत. ‘डावी नडगी सरळ आहे, त्यामुळे मावशी मागे जातात, ओळंबा धरून बघा’, असं लिहिलं तर समोरच्याला उद्या सकाळी करण्यासारखं काही मिळतं. वर्गात मी मुलांच्या चित्रावर कधी हात चालवला नाही. दुरुस्ती दाखवायची तर कागदाच्या कोपऱ्यात छोटी आकृती काढून दाखवायचो. चित्र मुलाचं असतं, त्यावर शिक्षकाची रेघ पडली की त्याला ते आपलं वाटेनासं होतं.

त्या नववीतल्या मुलीला लिहा की धावण्याचा वेग फार सुंदर पकडलाय, तो कमरेच्या आणि खांद्यांच्या उलटसुलट तिरक्या रेषांमुळे आलाय. मग तिला विचारा: ‘भाऊ कुठल्या पायावर जोर देऊन निघाला? त्या पायाखाली जमिनीची एक रेघ आणि थोडी सावली दिलीस तर काय होईल?’ ती स्वतःच काढून बघेल.

जाता जाता एक तळमळीनं सांगतो. ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी मुलं डोक्यावर हंडा घेतलेली एक ठरावीक बाई घोटून ठेवतात. बाजार असो, जत्रा असो, तीच बाई सगळीकडे. स्मरणचित्र म्हणजे बघितलेलं आठवणं. तुम्ही मंडईत जे करताय ते खरं स्मरणचित्राचं शिक्षण आहे. घरी आल्यावर वही मिटून मावशींना एकदा आठवणीनं काढत जा.

फ्रेममागूनफ्रेम, पुणे

सरांचं बहुतेक सगळं पटलं, एका जागी थोडा वेगळा विचार मांडतो. मी अॅनिमेशनमध्ये काम करतो. आमच्याकडे दिवसाची सुरुवात तीस सेकंदांच्या पोझनं होते, मग एक मिनिट, दोन मिनिटं, आणि शेवटी एखादी वीस मिनिटांची. तीस सेकंदांत पावलं, बूड, गुडघे असा क्रम लावायला वेळच नसतो. डोक्यापासून भार पडतो त्या पायापर्यंत एकच वाहती रेघ टाकायची आणि बाकीचं तिच्यावर टांगायचं. माझ्या मते ताईंना आत्ता मोजमापापेक्षा ही रेघ जास्त उपयोगी पडेल. मोजून मोजून आकृती ताठ होते, आणि त्यांच्या पहिल्या चित्रात मला तेच दिसतंय.

मंडईत जमत नसेल त्या दिवशी फोटोवरून करा, पण फोटो कसा आहे ते बघा. फोनची लेन्स रुंद कोनाची असते. उकिडव्या माणसाचा फोटो उभ्यानं जवळून काढला तर डोकं मोठं आणि पावलं इवलीशी येतात, समोरून खाली बसून काढला तर गुडघेच गुडघे. चार पावलं मागे जा, त्यांच्या उंचीला बसा आणि झूम करून काढा.

हीच गोष्ट चित्राचा फोटो टाकतानाही. ताईंच्या तिसऱ्या चित्रात वही मांडीवर ठेवून वरून फोटो काढलाय. वहीच्या कडा बघा, खाली निमुळत्या झाल्यात. पाय बारीक वाटतात ते काही अंशी त्यामुळेच, त्यामुळे ‘प्रपोर्शन बघा’ लिहिणाऱ्यानं कदाचित फोटोचं प्रपोर्शन बघितलं असेल. वही भिंतीला टेकवून उभी करा, खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊ द्या, फोन वहीच्या मध्यासमोर धरा. सोबत किती वेळात काढलं, समोर बघून की फोटोवरून, आणि नेमकं काय साधायचं होतं हे लिहा. दोन मिनिटांच्या रेखाटनाला कुणी बोटं नीट नाहीत म्हणून टोकलं तर दोघांचाही वेळ जातो.

मला ट्रेसिंग घेऊन चित्रावर काढून दाखवायला आवडतं, पण सर म्हणतात त्यातही तथ्य आहे. मी आधी विचारतो, ‘वरून काढून दाखवू का?’ हो म्हणाले तरच.

वहीपेन्सिल, सातारा

तिघांचेही मनापासून आभार. फिजिओताईंचं वाचून लगेच स्वयंपाकघरात उकिडवी बसून बघितलं. नडगी सरळ ठेवून बसताच येत नाही, हात आपोआप पुढे जातात. मंडईत इतके रविवार जे बघत होते ते अंगात उतरलं. मग आरशासमोर बसून पाठीची कमान हातानं चाचपली.

आज पावलांपासून सुरुवात केली, दोराही नेला होता. मावशींनी विचारलं हे काय, म्हटलं तुमचा तोल बघतेय. त्या म्हणाल्या, ‘बघ, चाळीस वर्षं हितंच बसलेय, हललेय का?’ चित्र जोडलंय, यावेळी भिंतीला टेकवून फोटो काढला. समोर बघून, पाच-सहा मिनिटांत. साधायचं होतं ते एवढंच की त्या बसलेल्या दिसाव्यात.

बसल्यासारख्या वाटतात मला. पण आता पुढे आलेला हात तोकडा दिसतोय. तो माझ्याच दिशेनं येतोय, मोजलं तर खरंच तेवढाच दिसतो, आणि तसा काढला की थोटा वाटतो. काय करू?

निवृत्त कलाशिक्षक, कोल्हापूर

ताई, बसल्या! उजव्या टाचेखाली दिलेली ती काळी सावली अगदी हवी तिथे पडली आहे.

लांबी वाढवू नका, तुम्ही मोजलेली लांबी बरोबर आहे. समोर येणारा हात लांबीनं सांगता येत नाही, तो एकापुढे एक येणाऱ्या आकारांनी सांगावा लागतो. आत्ता तुम्ही हाताच्या दोन कडा खांद्यापासून मनगटापर्यंत सलग ओढल्या आहेत. त्याऐवजी पंजा पूर्ण काढा, त्याची रेघ मनगटावर चढू द्या. मनगटाची रेघ कोपराखालच्या फुगीर भागाच्या पुढे येऊ द्या, आणि तो भाग दंडाला झाकू द्या. जिथे एक आकार दुसऱ्याच्या मागे जातो तिथे मागची रेघ थांबवा आणि पुढची थोडी दाबून काढा. बांगड्या असतील तर उत्तमच. त्यांचे गोल कुठल्या बाजूला वळतात ते नीट बघून काढा, हात कुठल्या दिशेला येतोय ते बांगडीच सांगेल. पंजा मोठा वाटला तरी भिऊ नका. हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत एवढा हात असतोच, आणि इथे तर तो चेहऱ्यापेक्षा तुमच्या जवळ आहे.

पुढच्या रविवारी नुसते हात काढून आणा. जुडी बांधणारे, पैसे मोजणारे, तराजू धरणारे. एका पानावर जितके मावतील तितके.