हेंडरसन ब्रुक्स अहवाल : अजून किती वर्षं कुलपात?

फिरस्ता :
१९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी लोकसभेत निष्कर्षांचा गोषवारा तेवढा सांगितला, अहवाल राहिला कुलपात. २०१४ मध्ये विरोधात असताना भाजपचे अरुण जेटली तो खुला करा म्हणत होते. काही महिन्यांत संरक्षणमंत्री झाले आणि तेच राष्ट्रहिताच्या विरोधात ठरलं! खुर्ची बदलली की मत बदलतं.

डोंगरवाट :
खुर्चीमुळे नव्हे, फाईल वाचायला मिळाली म्हणून बदललं असेल. अरुणाचलातले तवांग-वालाँगचे डोंगर ६२ नंतर हललेले नाहीत. कुठे रसद अडते, कुठली खिंड कच्ची, हे शेजाऱ्याला फुकटात का सांगायचं? सीमा आजही ठरलेली नाही, गलवान २०२० चंच आहे.

फिरस्ता :
अहो, पत्रकार नेव्हिल मॅक्सवेलने मार्च २०१४ मध्येच अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. बीजिंगमध्ये वाचून झाला असणार, राहिलो आपण. कारगिलचं बघा. युद्ध जुलै १९९९ मध्ये संपलं, सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेसमोर. नाजूक मजकूर गाळला, बाकीचा दिला. कोणाचं काय बिघडलं?

निळी शाई :
माहिती अधिकारातलं कलम १० हेच सांगतं : देता येईल तो भाग वेगळा काढून द्या. पण वीस वर्षं झाली की सगळं खुलं, असं समजू नका. कलम ८(३) मधून सुरक्षेची माहिती वगळलेली आहे. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी हाच अहवाल मागितला होता, माहिती आयोगाने २०१० मध्ये नकार दिला.

डोंगरवाट :
फुटलेल्या प्रतीबद्दल सरकारला कानावर हात ठेवता येतात. शिक्का मारून दिलीत की सीमाचर्चेत समोरचा म्हणणार, चौक्या पुढे सरकवल्याचं तुमचंच लष्कर लिहितंय. मग काय उत्तर द्याल?

फिरस्ता :
म्हणजे जपायची आहे ती अब्रू, खिंड नव्हे. तवांगजवळच्या नामका चू नदीच्या काठी जवान सुती कपड्यांत, मोजक्या गोळ्यांनिशी उभे केले होते. त्याचा जाब कोणाला विचारायचा?

डोंगरवाट :
ते तिथल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवींनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि या चौकशीचा विषय लष्कराची कामगिरी एवढाच होता, दिल्लीतले निर्णय नव्हेत. नेहरू आणि तेव्हाचे संरक्षणमंत्री मेनन यांचा हिशेब त्यात शोधू नका.

फिरस्ता :
मग तर नकाशे आणि तैनातीची पानं काळी करा नि उरलेलं द्या. कुठली पानं काळी करायची, हे मात्र एकट्या संरक्षण खात्याने ठरवू नये.

डोंगरवाट :
खात्यानेच ठरवावं. चुकलं तर निस्तरायला सीमेवर तेच जाणार.