ड्रिलर आणि नाईट पुशर एकमेकांशी बोलत नाहीत, मधल्यामधे मी पिसतोय, काय करू?

पलूसचा_एडी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या. मी पलूस तालुक्यातला. अकरा वर्षं झाली समुद्रात, रौस्टअबाऊट म्हणून डेकवर शॅकल उचलत सुरुवात केली, मग फ्लोअरमन, डेरिकमन (वर मनोऱ्यावर पाईप सांभाळणारा) आणि गेल्या वर्षीपासून असिस्टंट ड्रिलर, म्हणजे एडी, ड्रिलरच्या हाताखालचा. जॅक-अप रिग आहे (समुद्राच्या तळावर पाय रोवून तेल-गॅसची विहीर खोदणारी), सौदीच्या बाजूला, २८ दिवस तिकडं २८ दिवस घरी. आत्ता घरी आहे, गुरुवारी परत निघायचंय आणि खरं सांगतो, पाय निघत नाहीये.

मॅटर असा की आमचा रात्रीचा ड्रिलर (खोदायचं मशीन चालवणारा) जुना माणूस, इजिप्तचा, ही रिग यार्डातनं बाहेर आली तेव्हापासून तिच्यावरच. नाईट टूलपुशर, म्हणजे रात्री ड्रिलरच्या वरचा साहेब, रोमानियाचा, दुसऱ्या रिगवरनं आणलेला, वयानं बारा-तेरा वर्षांनी लहान. ड्रिलरला वाटतं ती खुर्ची माझी होती, आणि खोटं कशाला बोला, होतीच. पहिल्या हिचला (रिगवरच्या २८ दिवसांच्या पाळीला) नुसती कुरबुर होती, आता बोलणंच बंद. पुशर डॉगहाऊसमधे (ड्रिलरच्या केबिनमधे) येतो, ड्रिलर समोर बसलेला असतो आणि मला म्हणतो, ह्याला सांग वेग वाढव. ड्रिलर काचेतनं बाहेर बघत मला म्हणतो, त्याला सांग वेग मी ठरवतो. तीन फुटांवर बसलेत दोघं! लहानपणी आमच्या आजीचं आणि थोरल्या चुलतीचं असंच होतं, पण तिथं फार तर भाजीत मीठ दोनदा पडायचं.

गेल्या हिचला काय झालं ते सांगतो. रात्री अडीचचा सुमार, पाईप बाहेर काढत होतो, बिट (खोदायचं टोक) अजून ओपन होलमधे, म्हणजे लोखंडी नळी न बसवलेल्या भागात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेवढं लोखंड बाहेर येतं तेवढी जागा भरायला ट्रिप टँकमधनं (मापाच्या टाकीतनं) मड, म्हणजे खोदकामाचा चिखल, आत जायला पाहिजे. पाच इंची पाईपचे पाच स्टँड (एकत्र जोडलेले लांब पाईप) काढले की साधारण साडेतीन बॅरल. माझ्या शीटवर आले अडीच. पुढच्या पाचाला परत अडीच. म्हणजे उरलेली जागा दुसरं कायतरी भरतंय. मी ड्रिलरला म्हटलं, होल कमी घेतंय, फ्लो चेक करूया (थांबून विहीर आपोआप वाहतेय का बघूया). तो म्हणाला, टँकचा फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता गोळा) अडकतो, तीन दिवस झाले, चल पुढं. फ्लोट अडकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं! दिवसाच्या लोकांनी त्याला सांगितलेलं, त्यानं पुशरला सांगितलं नाही कारण बोलणं बंद, आणि हँडओव्हरच्या वहीत नुसतं "ऑल ओके". मग मी पुशरला फोन लावला. तो आला, काम थांबवलं, पंधरा मिनिटं बघितलं, विहीर शांत. तरी हिशोब जुळत नव्हता म्हणून परत तळाला गेलो, सर्क्युलेट केलं (मड फिरवला) आणि बॉटम्स अप, म्हणजे तळाचा मड वर, आल्यावर गॅस दिसला. फार नाही, पण दिसला. पाईप वेगात ओढल्यामुळं खाली पिचकारीच्या दट्ट्यासारखं होऊन गॅस विहिरीत ओढला गेलेला. आणि गंमत म्हणजे फ्लोट पण अडकतच होता! दोन्ही खरं.

सहा तास गेले. सकाळी कंपनी मॅनचा (विहिरीच्या मालक कंपनीच्या माणसाचा) चेहरा बघण्यासारखा होता. रिपोर्टमधे गेलं "फ्लोट खराब", बाकी काही नाही. ड्रिलर मला म्हणतो तू माझ्या डोक्यावरनं गेलास, पुशर म्हणतो आधीच का नाही सांगितलंस. मी सेफ्टी कार्ड लिहिलं, नाव न टाकता, पण मराठी माणसाचं इंग्लिश अक्षर लपतंय होय, दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. वरनं अप्रेझलमधे आलं, "कम्युनिकेशन सुधारायला हवं". हसू का रडू.

अजून एक, तो रत्नागिरीचा डेरिकमन, ज्याच्या हाताखाली मी शिकलो आणि ज्याच्या आधी मला प्रमोशन मिळालं, तो आता मेसमधे माझ्या टेबलावर बसत नाही. रात्री बाराच्या जेवणाला मी एकटाच असतो. ह्याचं जास्त लागतं, बाकीचं काय पगारात आहे.

घरी बागेचं कर्ज, अवकाळीनं दोन वर्षं द्राक्षाची वाट लागली. २०२४ ला सौदीत एवढ्या जॅक-अप सस्पेंड झाल्या, ओळखीतली पोरं घरी बसली, त्यामुळं राजीनामा म्हटलं की पोटात गोळा येतो. वडील म्हणतात गप बस, पगार घे. रिग बदलून मागू, ऑफिसला लेखी तक्रार करू, का वडील म्हणतात तसं गप बसू?

---

कारखाना_शिफ्ट_सी:

भावा तुझ्याकडं तेल, आमच्याकडं साखर, एवढाच फरक. आमच्या कारखान्यात दोन पॅनमनचं (साखरेचा पाक शिजवणाऱ्यांचं) वाजलेलं, एका सीझनला एकमेकांचा पॅन बघायचे नाहीत, एका रात्री सगळा पॅन कडक होऊन बसला, पाणी मारून विरघळवायला सकाळ झाली. चीफ केमिस्टनं दोघांना एकाच शिफ्टला टाकलं, मग आले वळणावर. पण आमच्यात कोण मरत नाही असल्यानं, तुमचं वेगळं आहे. जपून रे.

---

कृष्णाकाठ_निवृत्त:

मी कराडचा, मुंबई हायला तीस वर्षं काढली, आता फक्त नातवाला शाळेत सोडतो. बाळा, तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग आणि सांग की गप बसायचं ठिकाण ते नाही.

तुझ्या पोस्टमधे सगळे भांडणाकडं बघतील, मला ते "ऑल ओके" दिसलं. पायपर अल्फा, तो उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, ऐकलं असशील, प्रत्येक ट्रेनिंगला दाखवतात आणि पोरं झोपतात. ६ जुलै १९८८. दिवसाच्या शिफ्टनं एका पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह काढला, जागेवर नुसती झाकणी बसवली, तसा परमिटवर शेरा मारला, पण तो कागद रात्रीच्या माणसाच्या हातात पोचला नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, त्यांनी हा सुरू केला. स्फोट झाला, १६७ माणसं गेली. कुणी कुणाशी भांडलं नव्हतं बरं का तिथं, तरी निरोप अडकला. तुमच्याकडं तर भांडूनच अडकवलाय.

मी काय करायचो ते सांगतो. हँडओव्हरची वही मी माझी स्वतःची ठेवायचो, खाली कार्बन घालून. "ऑल ओके" कुणी लिहिलं की मी सही करायचो नाही. नुसतं विचारायचं, काय बिघडलंय, काय तात्पुरतं बसवलंय, कुठला गेज खोटं बोलतोय. ही तीन उत्तरं लिहून दिल्याशिवाय मी उभा राहायचो तिथंच, त्याला जेवायला जायचं असायचं, मला घाई नसायची. पहिले आठ दिवस शिव्या खाल्ल्या, मग लोक आपोआप लिहून आणायला लागले. तू एडी आहेस, दिवसाच्या एडीबरोबर तुझा हँडओव्हर तुझ्या हातात आहे, त्याला ना ड्रिलरची परवानगी लागते ना पुशरची.

आणि त्या रत्नागिरीच्या माणसाच्या टेबलावर तू जाऊन बस. तो नाही येणार. तू धाकटा आहेस.

---

खुर्चीवरचा_सातारकर:

मी स्वतः ड्रिलर आहे, सेमीवर (तरंगत्या रिगवर), वेस्ट आफ्रिका, त्यामुळं थोडं कडू लागेल. सगळे त्या इजिप्तवाल्याला व्हिलन करणार म्हणून लिहितोय. त्या खुर्चीत बसल्यावर मागं कंपनी मॅन घड्याळ बघत उभा असतो, कानात रेडिओ, समोर चार स्क्रीन, फ्लोअरवर पोरांची बोटं, आणि एडी येऊन म्हणतो "होल कमी घेतंय". कमी म्हणजे किती? कधीपासून? मित्रा, मत सांगू नकोस, आकडा सांग. "दहा स्टँडला सात पाहिजे होते, पाच आलेत, मी थांबायला सांगतोय." हे एवढं वाक्य, इंग्लिशमधे, टॉकबॅकवर (रिगवरच्या स्पीकरवर), सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग कुठला ड्रिलर नाही म्हणत नाही, कारण उद्या चौकशीत ते वाक्य दहा जण सांगतील.

पण त्याची चूक पण सांगतो. गेज खराब आहे हे माहीत असताना त्याच गेजवर ट्रिप करणं (पाईप काढणं-घालणं) म्हणजे स्पीडोमीटर बंद असताना खंबाटकी उतरणं. आणि "फ्लोट अडकतो" हे जे कारण त्याला हाताशी मिळालं ना, तेच घातक. डीपवॉटर होरायझन, मेक्सिकोच्या आखातातली रिग, तिच्यावर २० एप्रिल २०१० ला निगेटिव्ह टेस्टला (विहीर नीट बंद झालीय का बघायच्या चाचणीला) ड्रिल पाईपवर १४०० पीएसआय दाब दिसत होता, किल लाईनला (त्याच विहिरीला जोडलेल्या दुसऱ्या पाईपला) काही येत नव्हतं, एकाच विहिरीला दोन उत्तरं. तेव्हा कुणीतरी "ब्लॅडर इफेक्ट" नावाचं कारण काढलं, सगळ्यांना पटलं, टेस्ट पास. त्या रात्री ११ जण गेले. सकाळच्या मीटिंगला तिथं पण रिगचे आणि कंपनीचे लोक प्लॅनवरनं भांडलेले, चौकशीत आलंय ते सगळं. आकडा समोर होता, फक्त त्याला गप करायला कारण सापडलं.

तू ड्रिलरच्या डोक्यावरनं फोन केलास त्यात चूक नाही. पण नंतर त्याच्याकडे गेलास का? फ्लोअरवर नाही, बाहेर, चहा घेऊन. नसशील गेलास तर जा. माफी मागू नको, फक्त सांग की परत असं झालं तर परत करीन, पण आधी तुला सांगून. जुने लोक ह्याला मान देतात, चेहऱ्यावर दाखवत नाहीत.

---

क्रूइंगवाली_मिरज:

मी मुंबईत क्रूइंगमधे (रिगवर माणसं पाठवायच्या कामात) आहे, माहेर मिरज. दादा, प्रॅक्टिकल बोलते. हिचच्या मधे राजीनामा टाकून उतरू नका, बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमधे परतीचं तिकीट तुमच्या पगारातनं कापतात. आधी कॉन्ट्रॅक्ट काढून बघा कुठल्या देशाच्या कायद्याखाली आहे. सौदी कायद्याखाली असेल तर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम पहिल्या पाच वर्षांना वर्षाला अर्धा महिना आणि पुढं एक महिना अशी धरतात, पण स्वतःहून राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, पाचपर्यंत एक तृतीयांश, दहापर्यंत दोन तृतीयांश, पूर्ण दहाच्या पुढंच. तुमची ह्या कंपनीत किती झाली त्यावर गणित आहे, अकरा वर्षं सगळी इथंच असतील तर बात वेगळी. लोक रागात सोडतात आणि मग मला फोन करतात.

तक्रार केलीत तर माणसाची नको, घटनेची करा. "तो माझ्याशी बोलत नाही" असलं मेल आमच्याकडं आठवड्याला दहा येतात, सगळ्यांना "नोटेड" जातं. "अमुक तारखेला ट्रिप टँकचा बिघाड तीन दिवस हँडओव्हरमधे नव्हता" असं आलं की ते उघडावंच लागतं, कारण उद्या काही झालं तर ते मेल आमच्याच गळ्यात. रिग बदली मागायची तर त्याच मेलमधे मागू नका, दोन्ही एकत्र आलं की वरचे म्हणतात ह्याला पळायचंय. आणि आयडब्ल्यूसीएफ (विहीर ताब्यात ठेवायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट) दोन वर्षांनी संपतं, तुमचं किती राहिलंय ते बघा, संपत आलं असेल तर दुसरीकडं अर्ज करायच्या आधी करून घ्या.

---

पलूसचा_एडी:

सगळ्यांचे आभार, एवढं कोण लिहील वाटलं नव्हतं. ताई, ह्या कंपनीत सात वर्षं, म्हणजे दोन तृतीयांशवाला. सोडत नाही आत्ता. काका, वडिलांना तुमची पोस्ट वाचून दाखवली, ते काही बोलले नाहीत, उठून बागेत गेले, पण संध्याकाळी आईला म्हणाले ते कराडवाले बरोबर बोलतात.

सातारकर, खरंय, आकडा मी सांगितला नव्हता, मी "कमी" म्हटलेलं. ड्रिलरकडं पण गेलो नाही. ह्या वेळी जातो. एकच विचारायचंय, फ्लोट बदलेपर्यंत ट्रिप करायची वेळ आली तर कशावर विश्वास ठेवू?

---

खुर्चीवरचा_सातारकर:

टँकमधे दोरी टाकून हातानं मोज, पाच स्टँडला एकदा, एक फ्लोअरमन तिथंच उभा कर. आणि मड लॉगरला (वर येणाऱ्या मडवर आणि गॅसवर नजर ठेवणाऱ्याला) विचार, त्याचा त्याच टँकमधे स्वतःचा वेगळा सेन्सर असतो बहुतेक रिगवर. त्याच्या स्क्रीनवर त्या रात्रीचं पण सगळं सेव्ह असेल.

---

पलूसचा_एडी:

आयला. त्या रात्री तो मड लॉगर पोरगा डॉगहाऊसला दोनदा फोन करत होता. ड्रिलरला वाटलं पुशरचा फोन आहे, त्यानं उचलला नाही.