डीएनडी चालू असूनही सासूबाईंच्या फोनवर घाण मेसेज, तक्रार कुठे करू?

सातारकरीण: आईंच्या फोनवर डीएनडी (जाहिराती अडवायची सोय) मीच चालू केलंय. तरी प्लॉट, लोन, दागिन्यांचं सेल सुरूच. परवा तर दहा आकडी नंबरवरून एक अश्लील मेसेज आला, खाली लिंक. फोन माझ्या मुलाच्या हातात होता आणि त्याने तो आजीला मोठ्याने वाचून दाखवला! आईंनी तेव्हापासून फोन कपाटात ठेवलाय. हे कुणाच्या कानावर घालायचं?

जुना_खांब: दोन वेगळी प्रकरणं आहेत. आधी जाहिराती. पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं बघा. पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. डीएनडी अडवतं ते पी. बँकेचे ओटीपी येतच राहणार, ते यायलाच हवेत. पी आला तर मजकूर, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख १९०९ ला एसेमेस करा, नाहीतर ट्रायचं (दूरसंचार नियामक) डीएनडी अ‍ॅप वापरा. २०१८ च्या नियमांत तक्रारीला तीनच दिवस होते, २०२५ च्या दुरुस्तीने सात झाले. दहा आकडी नंबरवरून जाहिरात आली तर डीएनडी नसलं तरी तक्रार चालते. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की मोबाइल कंपनीला त्या नंबरवर कारवाई करावी लागते. म्हणून शेजारणीलाही करायला लावा.

सातारकरीण: आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतात ते?

जुना_खांब: ते १९०९ च्या कक्षेत नाही. तिथेच रिपोर्ट आणि ब्लॉक.

वकीलीणबाई_कराड: अश्लील मेसेज नुसता १९०९ वर सोडू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ त्यासाठीच आहे: पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृत्याचं चित्रण असेल तर ६७अ, पाच वर्षं आणि दहा लाखांपर्यंत. लिंक उघडू नका, मेसेज पुसू नका. नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. आणि कृपा करून "बघा काय आलंय" म्हणत घरच्या ग्रुपवर पुढे ढकलू नका, कलम ६७ त्यालाही लागू शकतं. (आमच्याकडे एका काकांनी नेमकं हेच केलं, त्यावरही सवयीने फुलं-नमस्काराचे इमोजी आले!)

सातारकरीण: बरं झालं विचारलं, नणंदेला पाठवणारच होते. स्क्रीनशॉट घेतलाय, पोर्टलवर आज रात्री बसते. आईंना तूर्त लँडलाइनच बरा वाटतोय.